वाट्याचं ऊन

बोकड कापल्यावर
पळसाच्या पानांवर वाटे घालतात तसं,
प्रत्येकात कलेजीचा एवढासा तुकडा,
प्रत्येकात थोडं हाड,
कुणाच्या मनात सल नको म्हणून,
तसे उन्हाचे वाटे घातलेत म्हणे
सुभाषनगरात, शाळेच्या छतावर.

शबाना नदाफ सांगत आली.
आयटीआय झालेली पोरगी, पाठीला सॅक, हातात पावतीपुस्तक.
"मावशी, स्वतःचं छत नसलं तरी चालतंय.
वाटा घ्यायचा. महिन्याला साठ रुपये.
तिकडं वीज तयार होणार, इकडं तुमच्या बिलातनं वजा होणार."
मी चपलेची वेणी घालत होते,
टोक पायाच्या अंगठ्यात धरून.
"आणि रात्री?"
ती हसली. "रात्री तुमचा बल्ब हाय तसाच लागणार.
दिवसाचं उसनं रात्री फेडायचं, एवढंच."

उन्हाचे पैसे मी जन्मात दिले नव्हते.
तळ वाळवले, पट्टे वाळवले,
तेल पाजलेलं चामडं दारात पसरलं,
ऊन फुकटच.
नको तेव्हाही फुकट:
वैशाखात पत्रा असा तापतो
की भांड्यातलं पाणी चहाला अर्धं तयार.
पत्रा चौगुल्यांचा.
ताप माझा.

मीटरही चौगुल्यांचाच.
युनिटला बारा रुपये, त्यांच्या वहीत, त्यांच्या पेनानं.
आणि वाट्याला तर स्वतःच्या नावाचं बिल लागतं.
इथंच गाडं अडलं.
ना-हरकतीच्या एका सहीसाठी
सात महिने त्यांच्या पायरीवर बसले.
एकदा म्हणाले, गुरुवारी या.
एकदा म्हणाले, पितृपक्ष आहे.
शेवटी त्यांची सून आतूनच ओरडली,
"मामंजी, करा की सही,
रोज दार उघडून माझा हात दुखायला लागला!"
झाली सही.
कागदावर माझं नाव छापून आलं,
इंदिरा धोंडीराम डोईफोडे.
धोंडीराम जाऊन नऊ वर्षं झाली,
बिलात अजून मधोमध उभा.

पहिली वजावट आली भर श्रावणात.
बंधारा पाण्याखाली,
आभाळ वाकळेसारखं जाड.
वाट्याचे साठ भरलेले,
वजा झाले एकोणीस.
शेजारची शेवंता हसून हसून भिंतीला टेकली.
"इंदे, उन्हानंबी तुला गंडवलं की गं!"

मी शबानाला गाठलं.
ती काही बोलली नाही, छतावर घेऊन गेली.
काळ्यानिळ्या पाट्या, ओळीनं,
अजून कुणी काही न लिहिलेल्या.
"ह्यातली माझी कुठली?"
"तुमची अशी कुठलीच न्हाई, मावशी.
सगळ्यांत थोडी थोडी."
मला कलेजीचा तुकडा आठवला.
तरी जाता जाता
एका पाटीवरची कबुतराची घाण पदरानं पुसली.
मग पलीकडचीही पुसली.
काय सांगावं.

"चैत्रात बघा," ती म्हणाली होती.
चैत्रात बघितलं.
दोनशे बारा.
घबाड नव्हे.
जोडामागं वेणीचे सहा रुपये मिळतात मला,
म्हणजे पस्तीस जोडांच्या वेण्या,
न घातलेल्या.
त्या वेळात काय केलं म्हणाल तर
एका रविवारी दुपारी पंखा लावून
नुसती पडून राहिले.
चौगुल्यांच्या पंख्याला आवाज होता युनिटांचा,
ह्याला नुसता पात्यांचा.
शेवंतानं दारातनं डोकावून बघितलं,
बरं नाही का, म्हणाली.
दुसऱ्या दिवशी तिनंही पावतीपुस्तक मागितलं,
चौगुल्यांचा गुरुवार कुठला, तेही विचारलं.

काल वळवाचा ढग आला जोतिबाच्या अंगानं.
असा ढग दिसला की मी चामडं आत घ्यायला धावते,
चाळीस वर्षांची सवय.
कालही धावले.
सगळं आत घेतलं, तळ, पट्टे, गोणपाट,
आणि दारात उभी राहून
शाळेच्या छताकडं बघत बसले.

ते काही आत घेता येत नाही.