आधी आडनाव

भाड्यानं किल्ट देणाऱ्या दुकानात पहिला प्रश्न तोच.
काउंटरवर जाडजूड वही, प्रत्येक नावापुढं
बोटभर कापडाचा चौकडा चिकटवलेला,
आणि पोरगा अदबीनं विचारतो: आडनाव?

जतच्या शाळेतही आधी हेच.
सांगितलं की मास्तर जरा थांबत,
मग म्हणत, म्हणजे कोण?
आणि मागच्या बाकावरून ठरलेलं: भिजत घोंगडं.
मी इंदुमती घोंगडे.
लग्नानंतर नाव बदलायचं राहूनच गेलं,
तेही भिजत घोंगडं.

पोरगा वही चाळतोय. ग्रॅहम. ग्रँट.
पुढं काही नाही.
मला पाठीला घाम.

एल्डरबर्नच्या गिरणीत मी एकवीस वर्षं रफूवाली.
उत्तरेच्या खिडकीपाशी तिरकं टेबल,
मागावरून उतरलेलं कापड त्यावर ओढायचं,
तुटका धागा डोळ्याआधी नखाला कळतो.
मग सुई: दोन उचल, दोन सोड,
दोन उचल, दोन सोड,
खोट कुठं होती ते मालकालाही सापडू नये.
न दिसण्याचाच पगार.

शेजारच्या टेबलावर विल्मा टर्नबुल.
आपल्या गावचा टार्टन, ती म्हणाली, पुराणातला वगैरे नाही,
माझ्या या स्वेटरहून चार वर्षांनी लहान.
नगरपालिकेत तीन सभा झाल्या, एकीत बशी फुटली,
शेवटी आर्ची लेडलॉनं घरी बसून काढला.
तपकिरी म्हणजे हेदर वाळल्यावरची टेकडी.
हिरवा नदीकाठचा.
करडा मेंढ्यांचा, की धुराड्यांचा, की नुसता नोव्हेंबर,
यावर अजून एकमत नाही.
आणि ती बारीक तांबडी रेघ?
विल्माच्या मते पुरात गेलेल्या पुलाची.
ग्रंथालयातला माणूस सांगतो, तेव्हाच्या नगराध्यक्षांच्या बायकोचे केस.
आर्ची स्वतः म्हणायचा म्हणे,
तांबडं सूत उरलं होतं, टाकून कशाला द्यायचं.

मला आर्चीचं पटलं.
आमच्या काळ्या घोंगडीच्या पांढऱ्या काठालाही
लोक काय काय अर्थ लावत.
खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेला बाप
मान वर न करता म्हणे,
मेंढरं दोनच रंगांची होती.

तो कुणी घालायचा, मी विल्माला विचारलं.
जो इथं राहतो त्यानं.
आणि आडनाव?
आडनावाचं काय?
कुणाला विचारावं लागत नाही?
तिनं चष्मा काढला. कुणाला विचारणार, इंदू?
मग पुन्हा सुईत धागा ओवू लागली.
मी तो प्रश्न त्या हिवाळ्यात आणखी दोनदा विचारला.

वही मिटायच्या आत निनाद म्हणतो,
आडनाव राहू दे, गावचा द्या.
सतरा वर्षांचा आहे. शाळेचा निरोपाचा नाच आहे.
इतकं सोपं असतं ते
त्याला ठाऊकच नाही की ते सोपं नसतं.

पोरगा आतून किल्ट आणतो.
आमच्या गिरणीचं कापड, सुटतं थोडंच नखातून;
गिरणी जाऊन तिथं आता फ्लॅट झालेत.
निनाद आरशासमोर, मी मागं गुडघ्यावर,
चुण्या सारख्या करायच्या म्हणून,
आणि डावीकडून तिसऱ्या चुणीत बोट अडकतं.

तांबडी रेघ. दोन सोड, दोन उचल, दोन सोड,
तीन.
जतहून फोन आला होता त्या दुपारी.
बापाला नेलं म्हणाले, आता येऊन काय करशील.
मी परत टेबलावर बसले,
कापड संध्याकाळी तपासनिसाकडं गेलं, पास झालं.

पोरगा विचारतो, काही खोट आहे का?
दुसरा आणू?
निनाद मान वळवतो, काय बघतेस एवढं?

काही नाही.
सरळ उभा राहा.