पाठीचं माप

खाबूऱ्यात माझं दुकान: एक शटर, दोन मशिनी,
एसीच्या गळतीखाली बादली.
माप द्यायला माणसं येतात. त्या दिवशी
शम्सा बिंत खल्फान आली, काखेत कोंबडी घेऊन.

पाठ उघडी. मानेपासून शेपटीपर्यंत
एक पीस नाही. कातडी लाल,
मधे दोन ठिकाणी उसवलेली.
"दीक," ती म्हणाली. कोंबडा. एवढंच.
मग हातानं दाखवलं, कशी चोचीत मान धरतो,
कसा चढतो, कसा उतरतच नाही.

चार कोंबड्या आणि तो एकटा.
त्यातही त्याला हीच लागते, दिवसातून दहादा.
मी म्हटलं, खाला, मी शिंपी,
जनावरांचा डॉक्टर तिकडे सोहारला.
तिनं कोंबडी कटिंगच्या टेबलावर ठेवली.
कोंबडी बसून राहिली. हललीच नाही.
जी हलत नाही तिचं माप सोपं असतं,
आणि ते मला आवडलं नाही.

वहीत लिहिलं: गळा साडेचार, पाठ सात,
पंखांखालून घेर अकरा.
दिशदाशाचं उरलेलं पांढरं कापड दुहेरी केलं.
पंखांतून इलास्टिक. मधोमध जाड पट्टी,
त्याच्या टाचेवरचा काटा रुतू नये म्हणून.
तिच्या नातवानं, मुहन्नदनं, हट्टानं गळ्याशी गोंडा लावून घेतला,
त्याच्या स्वतःच्या दिशदाशाला असतो तसा.
शम्सा पैसे काढायला लागली. काय सांगणार?
कोंबडीच्या झग्याचा दर कुठल्या शिंप्याला ठाऊक?

आठवड्याभरात चौघी कपड्यांत.
नावं मीच दिली: पॉपलीन, मलमल, व्हायल,
आणि ती पहिली, उघड्या पाठीची, मांजरपाट.

शेजारचा चहावाला बिलाल म्हणाला, सुरी आण,
एका दुपारचं काम. पण ते अंडं
मुहन्नदनं दिव्याखाली एकवीस दिवस उबवलेलं.
सुरीचं नाव निघताच पोरगं
पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसलं.

म्हणून कोंबडा माझ्याकडे आला.
ट्रायल रूममध्ये, पडद्यामागे.
तिथे आरसा आहे हे लक्षातच आलं नाही.
पहिल्या तासात तो स्वतःशी सात लढाया लढला.
तुरा फुटला. काचेवर रक्ताचे ठिपके.
मी आरशावर अबायाचं काळं कापड टाकलं,
तसा बसला. वाटलं, आता तरी
स्वतःला काही विचारेल.
कोंबडा कुठला विचारतोय. दाणे मागत होता.

रात्री टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन
कानशीनं त्याचा काटा बोथट केला, हळूहळू.
काळीज माझ्या तळव्यावर धावत होतं,
दोरा तुटल्यावर मशीन धावते तसं, रिकामं.
एवढा राग, आणि वजन इतकं थोडं.

आमच्याकडे म्हणतात, कोंबडं झाकलं म्हणून
तांबडं फुटायचं राहत नाही. इथे तांबड्याला
अजून दोन तास होते. तो पडद्याआडून आरवला,
आणि गल्लीनं मला शिव्या घातल्या
मल्याळीत, बंगालीत, बलुचीत.

पंधराव्या दिवशी परत नेला. शम्सानं तोवर
सुवेकच्या बाजारातून सहा नव्या आणल्या होत्या,
बोरीखाली उंच फळ्या ठोकल्या होत्या,
दाण्याची भांडी दोन टोकांना.
दार उघडलं. तो छाती काढून आत.
आणि मलमल, जिला मी सगळ्यांत भित्री समजायचो,
पुढे आली, त्याच्या फुटक्या तुऱ्यावर
एकदाच, नेमकी, टोचून गेली.
तो कडेला सरकला. काहीतरी टिपायचं सोंग केलं.

सुधारला का? नाही म्हणजे, अजून धावतो.
पण पळायला जागा आहे, आणि दहाजणी आहेत.

मेच्या अखेरीस, कपडा अंगावर सोसेना त्याच्या आत,
मांजरपाटला पुन्हा टेबलावर घेतलं.
गोंडा मळलेला. इलास्टिक सैल.
झगा उचलला. कातडी गुलाबी,
आणि तिच्यातून वर येणारी निळसर टोकं,
दाट, ओळीनं,
उशीत उलट्या खोचलेल्या टाचण्यांसारखी.

बोट लावलं, तशी अंग झाडून उठली,
माझ्या अंगठ्यावर चोच मारली, चांगलीच,
कात्री खाली पाडली, खडू पाडला,
दारातून थेट रस्त्यावर.
या वेळी माप घेता आलं नाही.