शेरा

इब्रीच्या पुढे पंचवीस किलोमीटरवर
माझ्या नकाशात एक हिरवा ठिपका होता.
भोवताली सगळं तपकिरी, तीव्रतेची शेवटची पायरी,
आणि मधोमध हा,
जेवून झालेल्या ताटातल्या कढीपत्त्याच्या पानासारखा.

जायचं कारण एवढंच.
हिरवं दिसलं की खात्री करावी लागते.

तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद
एवढ्या जागेला उपग्रह एकच आकडा देतो.
त्यात दोन खजूर, पडकी भिंत, एखादी शेळी,
सगळ्यांची मिळून बेरीज.
ढग आला तर आज्ञावली तेवढा भाग गाळून टाकते;
आमच्या लेखी ढग हा अडथळा.
हे एकदा आईला फोनवर सांगितलं.
ती बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, जेवलीस का.

हिरवं निघालं ते वेडी बाभूळ.
आपल्याकडची तीच, कुणी न लावलेली,
पाटाच्या कडेनं मुळं सोडून बसलेली.
खजुरांचे शेंडे झडून नुसते खांब उरलेले.
आकडा खरा होता आणि नकाशा खोटा.

हुमैद बिन सुलूम तिथला आरिफ,
म्हणजे साक्रीकडे आम्ही ज्याला पाटकरी म्हणतो तो.
उन्हात रोवलेली काठी, सावलीच्या वाटेवर दगडाच्या खुणा,
रात्रीसाठी तारे,
आणि डोळे अधू झाल्यापासून मुलानं दिलेलं घड्याळ.
मी विचारलं, पाटाला पाणी शेवटचं कधी?
त्यानं कॉफी ओतली. तीन बोटं दाखवली.
मला आधी वाटलं, महिने.

मग वही काढली.
वहीत कालची तारीख होती.
काल रात्री मशिदीची बारी, अर्धा तास.
नंतर मरहूम खल्फानच्या मुलींची.
आज सकाळी त्याची स्वतःची,
आणि ती चालू होती, आम्ही बसलो होतो तेव्हा.
"पण पाणी तर..."
त्यानं कोरड्या पाटावरची काडी उचलून बाजूला टाकली.
"येईल त्या दिवशी
कुणाची बारी, हे ठाऊक नको कुणाला?
नाहीतर पाण्याआधी भांडण पोचेल."

मी तीस वर्षांची सरासरी काढून आले होते.
जिथे सरासरीच ओंजळभर,
तिथे तूट मोजायला चमचा लागतो,
हे मला कळत होतं.
वहीचं काय करायचं ते कळत नव्हतं.

मस्कतला परत. एसी, दुधाचा चहा,
शेजारच्या टेबलावरून प्रदीपन: ठिपका काढला का?
काढला. तपकिरी केला.

पाण्याच्या रकान्यात, माहिती नसेल तर
उणे नऊ हजार नऊशे नव्याण्णव लिहायची पद्धत आहे.
मी शून्य लिहिलं.
शून्य कुणीतरी जाऊन बघून आलेलं असतं.

शेऱ्याला जागा पन्नास अक्षरांची.
पुरली.

पाट कोरडा. बारी चालू.
पुढची: शम्सा, गुरुवार, पहाटे.