चांदणी नसलेला अहवाल

पहाटे सहाला ओक्पोच्या जहाजगोदीच्या फाटकाशी
आमची तपासणीची बस उभी राहते.
उपाशीपोटी रांग: वेल्डर, रंगारी, क्रेनवाले,
बाह्या वर, मनगटांवर ठिणग्यांचे जुने पांढरे डाग.
कॉफीच्या यंत्रावर मी कागद चिकटवलाय: आज बंद.

सुन-रे टेप घेऊन बसते.
पोट आत ओढून उभ्या राहिलेल्याला म्हणते,
"काका, श्वास सोडा. जहाज कधी पोट आत घेतं का?"
तो हसतो,
आणि हसताना चार सेंटिमीटर खरे बाहेर येतात.

माझं काम नंतरचं, तळघरातलं.
जांभळ्या बुचाच्या नळ्या. मोजतं यंत्रच,
शंका आली तरच मी काचेवर थेंब ओढते,
रंगवते, भिंगाखाली धरते.

पाक चोल-ग्यू, बावन्न, वेल्डिंग, तिसरा धक्का.
पांढऱ्या पेशी नऊ हजार एकशे.
दहा हजारांपर्यंत चालतं असं छापलंय,
म्हणून यंत्रानं आकड्यापुढे चांदणी काढली नाही.
ताप नाही, खोकला नाही, दात दुखत नाही.
सिगारेट? "सोडून सहा वर्षं झाली. बायकोला विचारा."
मग ही इतकी मंडळी कशाला जमलीत?
ऑर्डर नसताना गोदीत
रात्रपाळीला सगळ्यांची हजेरी लागावी,
दिवे चालू, हत्यारं हातात,
आणि धक्क्यावर जहाजच नाही,
तसं काहीसं.

मागचे कागद काढले. कुणी सांगितलं नव्हतं.
सहा हजार आठशे. सात हजार सहाशे. आठ हजार तीनशे.
वर्षाला एकेक भोक सरकणारा पट्टा
रक्तालाही असतो तर.

कमरेचा आकडा पहिल्या मजल्यावर जातो,
साखर नि चरबी दुसऱ्या,
रक्तदाब कुठल्याशा फायलीत.
एकाच माणसाचे चार कागद,
भावकीतल्या अबोल्यासारखे
एकमेकांना ओळख देत नाहीत.
मी जिना चढून त्यांना एका टेबलावर बसवलं.
चौऱ्याण्णव. एकशे आठ. दोनशे अकरा. एकशे अडतीस.
शेवटी माझे नऊ हजार एकशे.

डॉक्टर ह्वांगनी चष्मा वर केला.
"इतक्या खुणा जुळल्या की त्याला नाव आहे,
मेटाबॉलिक सिंड्रोम. तुझ्या पेशी त्यात धरत नाहीत."
पण कुणी कुणाला बोलावलं,
पोटानं पेशींना, की पेशींनी पोटाला?
"सोबत दिसतात, एवढं खरं.
सोबत दिसणं म्हणजे लग्न नव्हे."
मी म्हटलं, "गाव तेवढ्यावरच बोलतं, डॉक्टर."

आठवड्यानं चोल-ग्यू खिडकीशी आला.
"तुमच्या कागदावर चांदणी?"
"नाही."
"मग पास." घडी घालून खिशात.
थांबा म्हणाले, पण पुढचं वाक्य तयार नव्हतं.
"रात्री किती वाजता जेवता?"
तो दारात थबकला,
बरेच दिवस कुणी विचारलं नसल्यासारखा.
"पाळी सुटल्यावर. अकरा, साडेअकरा.
दुकानातलंच काहीतरी, गरम करून. एकटाच असतो ना."
बायकोचं मी काही विचारलं नाही.
त्याला आमच्या अर्जात रकाना नाही.
वरच्या मजल्याची चिठ्ठी दिली. वाचत वाचत गेला,
दोनदा मागे वळून.

संध्याकाळी बस धुतली.
सुन-रेचा टेप खुर्चीवर राहिलेला.
आतून दार लावलं. कोटाची बटणं काढली.
खिडकीत एक क्रेन कुणाचं तरी पोलाद हवेत धरून उभी.

श्वास सोडला.