पंचवीस मायक्रोमोलर

इन्क्युबेटरचं दार उघडलं की
सदतीस अंशांचा ओला श्वास तोंडावर येतो.
फ्लास्कच्या तळाला चिकटलेल्या,
हातपाय पसरलेल्या तारकांसारख्या
कुणा परक्याच्या मेंदूतल्या पेशी.
माणूस माझ्या जन्माआधीच गेला असणार.
त्याची गाठ मात्र इथं नांदेडात
दर तिसऱ्या दिवशी खायला मागते.

मी वसमतची.
मार्चात आमच्याकडं हळद शिजते तेव्हा
बायकांच्या टाचा, कुत्र्यांच्या पाठी,
माझ्या दहावीच्या वह्यांच्या कडासुद्धा पिवळ्या.
त्याच हळदीतलं एक द्रव्य
नखावर मावेल एवढं, फॉइलमध्ये गुंडाळून
फ्रीजरमध्ये ठेवते. उजेडात नासतं.
किंमत ऐकून आई म्हणाली,
"एवढ्यात तर दोन पोती येतील गं."

शनिवारी माणिकअप्पा बिडवे आले,
टेलिफोन खात्यातले रिटायर्ड लाइनमन.
एका पिशवीत रत्नमालाकाकूंचा एमआरआय,
दुसरीत किलोभर हळकुंडं.
"तू म्हणे हळदीनं गाठ मारायलीस."

मी त्यांना मायक्रोस्कोपसमोर बसवलं.
म्हटलं, पेशीच्या अंगावर घंट्या असतात, अप्पा.
बाहेरून कुणी वाजवली की निरोप आत जातो,
या हातातून त्या हातात:
वाढ. दोनाच्या चार हो. मरू नको.
यांच्यात कुणी वाजवतच नाही,
तरी घंटा चालूच.

"क्रॉस कनेक्शन," अप्पा म्हणाले, डोळा न काढता.
"डीपीत पाणी शिरलं की व्हायचं.
कुणी नंबर फिरवायचं नाही अन् रात्रभर ट्रिंग ट्रिंग.
मग तुझी हळद कोणती तार कापती?"

एक नाही. दहा-बारा तारांना
थोडी थोडी लोंबकळते.

"मग ती लाइनमन नव्हं. माकड हाय."

मी हसले. मग वहीच्या समासात
तारीख टाकून ते लिहून ठेवलं.

ब्लॉटची फिल्म त्यांना खिडकीत धरून दाखवली.
हा पट्टा औषधाशिवायचा, काळा, ठसठशीत.
हा दहाचा. हा पंचवीसचा, बघा, पुसट.
खालची ओळ सगळीकडं सारखी,
म्हणजे माझी लबाडी नाही.
अप्पांनी चष्मा काढला
आणि त्या पुसट पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले,
"मग किती देऊ हिला? दुधातून की तुपातून?"

या प्रश्नासाठी कुठला बफर नसतो.

मी म्हटलं, बशीतल्या पेशींवर मी थेट ओतते, अप्पा.
खाल्लेली हळद आधी लिव्हर फाडतं,
उरलीसुरली रक्तात भटकते,
आणि मेंदूच्या दाराशी
अख्ख्या जिल्ह्यात नसेल असा पहारा.
सोमवारची रेडिएशनची तारीख चुकवू नका.
भाजीत घालता तेवढीच घाला.

ते बराच वेळ पिशवीच्या बंदाला गाठ मारत बसले.
मारली, सोडली, पुन्हा मारली.
"म्हणजे एक्स्चेंजपर्यंत डायल टोन हाय.
घरात न्हाई."
हो.
"खांबापासून घरापर्यंतचीच लाइन कायम अवघड."

जिन्यात वळून म्हणाले,
"ती आता तांब्याला मंगळवार म्हणती.
म्हणती, मंगळवार द्या. मी भरून देतो."

हळकुंडं टेबलावरच राहिली.
जर्नल क्लबला मोहसिना मॅडमनी विचारलं, हा वास कसला?
ड्रॉवर उघडून दाखवलं.
त्यांनी एक उचललं, मोडलं,
आतला केशरी रंग बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, पन्नासचा डोस पुन्हा करून बघ,
नॉर्मल पेशीही मरतायत का ते आधी कळू दे.

सोमवारी साडेअकराला फोन.
मागं लाकडी बाकाची करकर, कुणाचा तरी टोकन नंबर.
"आत नेलं तिला. जाताना मंगळवार मागितला."
माझ्या एका हातात पिपेट, टोकाला पिवळा थेंब.
दिला का?
"दिला की. काठोकाठ."