चार हुक

रोझारियो ब्रोकर म्हणाला, भिंती आधी क्रीम करा,
पोपटी रंग बघून दिल्लीवाले दारातूनच फिरतात.
पोपटी गेला.
देव्हाऱ्यामागची काजळी मात्र तीन हात मारूनही
सकाळी परत हजर.
बसप्पा म्हणाला, ही प्रायमरशिवाय जायची नाही, साहेब.
प्रायमर आणला, अठराशे रुपयांचा.
काजळी एकतीस वर्षांची.

विकायचं ठरलं ते मंदाकिनीच्या गुडघ्यांमुळे.
कुर्टीच्या चढावर आमच्या दाराला अकरा पायऱ्या.
मला आकडा ठाऊक नव्हता.
ती मोजायची, चढताना मोठ्यानं,
उतरताना मनात.

वीज खात्याच्या जुन्या रजिस्टरात मी यादी केली:
तांबड्या सिमेंटवर टाइल्स घालाव्यात का?
नकोत. घेणारा उखडणारच आहे.
नळ? दोनच बदलावेत.
छपरावर झुकलेला माड?
मंदाकिनीला विचारणे.
(विचारलं नाही.)

शिडीवरून बसप्पा: साहेब, हे चार हुक कापू?

स्लॅब ओतायच्या आदल्या संध्याकाळी
दहा एमएमची सळी वाकवून मीच अडकवले होते ते.
मिस्त्री हसला होता, घराला दारं नाहीत अजून
आणि तुमची माटोळीची तयारी.
तेव्हापासून दर चवथीला
सुपारीचे घोस, आंबाडे, तोरिंजन, कांगलां, चिबूड,
मंदाकिनी खालून हातात देणार, मी स्टुलावर,
आणि दरवर्षी एक तरी चिबूड
गणपतीच्या पुढ्यात पडून फुटणार.

राहू देत, म्हटलं. रंग मार त्यांच्यावर.

गुडगावचं जोडपं रविवारी आलं.
तिनं मोबाइल वर धरून फोटो काढला, हे कशाला?
मी तोंड उघडायच्या आत रोझारियो म्हणाला,
झोपाळा, मॅडम. गोव्यात घरोघरी.
ती खूश झाली.
मंदाकिनी स्वयंपाकघरात सरबत ढवळत राहिली,
साखर विरघळल्यावरही.

पश्चिमेच्या भिंतीपुढं कपाट सरकवून ठेवलेलं,
तेही रोझारियोचंच डोकं.
मीच बाजूला केलं.
ओल दाखवली, बोट ठेवून.
जूनपासून ऑक्टोबरपर्यंत इथे काही टेकवू नका, म्हटलं.
दोन लाख उतरले.
रोझारियो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

ओलीचं खरं सांगितलं,
हुकांचं नाही सांगितलं.
का, ते मंदाकिनीनंही विचारलं नाही.

आता लिफ्टच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर.
पीओपीवाला उद्या येणार,
छत गुळगुळीत करणार, मधे दिवे.
स्लॅबला भोक पाडायला सोसायटीचा अर्ज लागतो.
भोकांची संख्या: चार.
खोली: साडेतीन इंच.
कारण—

मी लिहिलं, पंखे.
सेक्रेटरी प्रभुगावकरांनी चष्मा पुसला.
तीन फुटांच्या अंतरात चार पंखे?
एकतीस वर्षं वीज खात्यात होतात ना तुम्ही?

होतो, म्हटलं.
त्यांनी अर्जावरून नजर वर केली,
त्यांच्याच ऑफिसच्या छताकडं,
जिथे काहीच नव्हतं,
आणि शिक्का मारला.