दोन बोटं खाली

मला संगीत कळत नाही, मला गळती कळते.
नळीचं एक तोंड अंगठ्यानं दाबायचं,
दुसऱ्यातून विडीचा धूर सोडायचा,
जिथून निळी रेघ उठेल तिथं डाग द्यायचा.
बाबांनी शिकवलं ते एवढंच.
भिकू चारी आणि मुलगा, मडगाव:
समया, घागरी, देवांचे मोडके हात,
आणि कुडतरीपासून असोळण्यापर्यंतची
सगळी पितळी तोंडं.

फेस्ताला आठवडा असताना लुइझेत आली.
ट्रंपेट टेबलावर ठेवलं,
शेजारी मक्याच्या दाण्याएवढा माईक.
म्हणाली, ओठांजवळच्या नळीला इथं भोक पाड,
वारा मला आतच पकडायचाय,
बाहेर पडून सूर व्हायच्या आधी.
मग तो उलटा सोडीन, दुप्पट करीन,
त्याला त्याच्याच मागे धावायला लावीन.
बोलताना पायानं ती
जमिनीवर नसलेली बटणं दाबत होती.

तिच्या ओठांवर एक गोल वळ आहे,
तो मेस्त केरोबीनचा.
नऊ वर्षं, इगर्जीमागच्या खोलीत.
पहिली दोन नुसतं सोल्फेज,
हातानं हवेत ताल कापायचा,
वाद्याला बोट लावायचं नाही.
जॅझही त्यानंच शिकवला, पण कागदावर:
मुंबईच्या हॉटेलांत तरुणपणी
जे जे अचानक सुचलं होतं
ते सगळं शाईनं उतरवून,
वर अनुक्रमांक घालून.
पाचव्या वळणावर सहावं घेतलं
की बोटांवर पट्टी.

त्याचं ट्रंपेट माझ्याकडेच पडून होतं,
मधला वॉल्व अडकतो म्हणून.
मापासाठी ते शेजारी ठेवलं,
नळीवरून अंगठा फिरवला
आणि अंगठा अडला.
मुलाम्याखाली टिकली, तांदळाएवढी.
बाबांचा डाग मी अंधारातही ओळखतो,
कड आत मुडपलेली, वरून चिंचेनं घासलेली.

माळ्यावरची लाल वही काढली.
त्र्याहत्तर साल, मे महिना:
'केरोबीन कुलासो, कुडतरी. भोक बुजवले.
पैसे नंतर. रडत होता.'
बाबा वहीत असलं काही लिहीत नसत.

आणि नेमका तेव्हाच तो दारात,
सायकल भिंतीला टेकवत.
"कितें चल्लां?"
कुणी काही बोललं नाही.
ट्रंपेटं दोन, टेबल एक, वही उघडी.
लुइझेत पट्टीची वाट बघावी तशी उभी,
हात मागे बांधून.

त्यानं चष्मा कपाळावर चढवला.
तिच्या नळीवरची माझी पेन्सिलीची खूण
बराच वेळ बघितली.
वही बघितली नाही.
"थंय न्हय. थंय घुमता."
मग म्हणाला, तीन महिने घुमलो मी.
मॅनेजर विचारायचा, हा वाजवतो की गुरगुरतो.
मे महिन्यात गावी आलो तर
लग्नाचं एक बोलावणं नाही.
थुंकी लावून त्यानं माझी खूण पुसली.
"दोन बोटां सकयल," म्हणाला,
आणि आपलीच दोन बोटं आडवी धरली,
वाकडी झालेली,
मी दोरा धरून मोजली.

गिरमिट फिरवलं.
पितळेचा भुगा वर्तमानपत्रावर पडला,
त्यानं तो चिमटीत घेऊन
उगाच उजेडात धरला.
भोक झाल्यावर सवयीनं मी
अंगठा दाबला, धूर सोडला.
निळी रेघ उठली,
तिला हवी होती तिथूनच.
पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा
गळती दिसली आणि हात
डागाकडे गेला नाही.

जाताना सायकलवरून तो ओरडला,
पाचवं वळण मात्र लिहिलंय तसंच घे!
तिनं मान डोलावली.
ती घेणार नाही हे तिला ठाऊक होतं,
मलाही.
आणि तो तरी
मागे वळून कुठं बघत होता.